हवेवरच्या काकी

गाडी पंपावर येऊन थांबली की काकी आधी नोझलला हात लावत नसत. त्या टाकीवर दोनदा टिचकी मारत, मान जरा तिरकी करत आणि विचारत, "पुस्तकात काय लिवलंय?"

नवीन गिऱ्हाईक गांगरायचं. पेट्रोल भरायला आलेल्या माणसाला पुस्तकाबद्दल कोण विचारतं? "कसलं पुस्तक?" असं त्याने म्हटलं की काकी सांगायच्या, "गाडीबरोबर येतं ते. सीटखाली बग, प्लास्टिकच्या पिशवीत असंल. अजून पिशवी फोडली पण नसशील."

आणि खरोखरच फोडलेली नसायची. तुम्हीही खरं सांगा, तुमच्या गाडीचं पुस्तक तुम्ही कधी उघडलंय? मी तर पेट्रोल पंपाचा मॅनेजर, आणि माझ्या स्कूटरचं पुस्तक मी गाडी घेतली त्याच वर्षी रद्दीत घातलं होतं. काकींना हे मी कधी कळू दिलं नाही.

आमचा पंप पेणच्या बाहेर, वडखळच्या बाजूला. मालकांना सगळे शेठ म्हणत आणि मला मास्तर. माझे वडील शिक्षक, काका शिक्षक, आत्या शिक्षिका, भाऊ-वहिनी दोघंही शिक्षक. मी एकटा बी.कॉम. करून पेट्रोलला लागलो, पण गावाने काही मला मास्तरकीतून सोडलं नाही.

काकी जवळच्या जिते गावच्या. घरची भातशेती, भात निघालं की त्याच शेतात वाल. शेती नवरा बघायचा. काकी सकाळच्या गाडीने पेणला उतरायच्या, स्टेशनवरून चालत पंपावर यायच्या आणि साडीवर कंपनीचा खाकी शर्ट चढवून उभ्या राहायच्या. "पंपावर एखादी बाई ठेवा, छाप पडते," असं कंपनीच्या कुणीतरी शेठना सांगितलं होतं. शेठनी काकींना ठेवलं आणि छाप पडली, फक्त ती शेठना हवी होती तशी पडली नाही.

त्याच सुमाराला ते महाग पेट्रोल नवीन आलं होतं. लिटरमागे दोन-तीन रुपये जास्त, वेगळं मशीन, मशीनवर विजेचं चित्र. लोकांना वाटायचं, महाग आहे म्हणजे गाडी जास्त पळणार आणि मायलेज जास्त देणार. आमच्या लोकांचं तसंच आहे. मुंबईच्या डॉक्टरचं औषध लवकर लागू पडतं अशी आमची समजूत आहे, मग तीच गोळी पेणच्या दुकानातून घेतलेली का असेना.

कंपनीचा एक तरुण अधिकारी आम्हाला हे पेट्रोल कसं विकायचं ते शिकवायला आला. ऑफिसात त्याने भिंतीला तक्ता लावला. ताकद, वेग, मायलेज असं बरंच बोलला. पोरं माना हलवत होती. काकी मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, ते ऑक्टेन ऑक्टेन म्हणताय, ते काय असतं?"

पोरगा भला होता. त्याने तक्ता सोडला आणि सरळ सांगितलं. इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र दाबली जाते, मग ठिणगी पडते, मग ते पेटतं. पण काही गाड्यांच्या इंजिनात दाब फार असतो. तिथे साधं पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आधीच पेटतं. मग इंजिन आतून टकटक वाजतं आणि खराब होतं. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल तसं आधी पेटत नाही, थांबून राहतं.

"म्हंजे ती ताकद नाय," काकी म्हणाल्या. "सबुरी हाय."

अधिकारी म्हणाला, "हो, तसं म्हणता येईल."

"आन् ज्या गाडीत दाबच कमी, तिनं सबुरी घेऊन काय करायचं?"

अधिकाऱ्याने चहा मागवला. चहा पिऊन तो निघून गेला, तक्ता मात्र विसरला. काकींच्या डोक्यात त्या दिवशी जे बसलं ते कायमचं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गाडीला टिचकी आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पुस्तकाचा प्रश्न सुरू झाला.

एकदा एक तरुण प्राथमिक शिक्षक नवी कोरी मोटरसायकल घेऊन आला. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाला नारळाचं पाणी अजून ओलं. म्हणाला, "काकी, महाग टाका. पहिलीच वेळ आहे. आज गाडीचं उष्टावण समजा."

"उष्टावणाला खीर देतात, रे. मटण देतात काय?" काकी म्हणाल्या. "पुस्तक काढ."

त्याने पुस्तक काढलं. काकी सातवीपर्यंत शिकलेल्या, आकडे त्यांना वाचता यायचे, पण इंग्रजी मजकूर त्या दुसऱ्याकडून वाचून घेत. त्या शिक्षकाला त्यांनी भर पंपावर मोठ्याने वाचायला लावलं. मागे सात-आठ गाड्यांची रांग, एक एसटीवाला हॉर्न वाजवतोय, आणि हा वर्गात उभा केल्यासारखा वाचतोय. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, साधं अनलेडेड पेट्रोल. "आता अर्थ सांग पोरांना," काकी म्हणाल्या आणि साधं पेट्रोल भरायला लागल्या. रांगेतल्या निम्म्या लोकांनी त्या दिवशी न विचारताच साधं घेतलं.

गणपतीच्या आधीचे दोन महिने तर विचारूच नका. जोह्याच्या, हमरापूरच्या कारखान्यांतून मूर्ती निघायच्या आणि त्यांच्या व्हॅन आमच्याकडे पेट्रोलला थांबायच्या. आतमध्ये पेंढ्यात बसवलेल्या, कागदाने तोंड झाकलेल्या मूर्ती. एक कारखानदार दर वर्षी हट्टाने महाग पेट्रोल घ्यायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. बाप्पा गाडीत बसलाय, त्याला साध्या पेट्रोलवर कसा न्यायचा? हे डोकं फक्त आमच्याकडेच चालू शकतं, बाकी जगात नाही.

एका वर्षी काकींनी व्हॅनच्या खिडकीतून आत वाकून मूर्तींना हात जोडले. मग त्याला म्हणाल्या, "बाप्पाचं सोताचं वाहन काय?"

"उंदीर."

"त्याला कुठलं ऑक्टेन घालायचे?"

कारखानदार हसत सुटला. साधंच घेऊन गेला, आणि पुढच्या वर्षापासून लांबूनच ओरडायचा, "काकी, उंदराचं टाका!"

पण काकी महाग पेट्रोलच्या वैरी होत्या असं समजू नका. एकदा मुरूडकडे निघालेली एक काळी, लांबलचक गाडी आली. मालकाला घाई होती, म्हणाला, साधं भरा. काकींनी त्याला इंजिन चालू करून जरा रेस द्यायला लावली आणि मला हाक मारली. "मास्तर, ऐका. टकटक." मला काही ऐकू आलं नाही, पण मी मान हलवली. काकींनी टाकीचं झाकण उघडून आतल्या बाजूचा आकडा त्या माणसाला दाखवला. "ह्यावर मोठा आकडा लिवलाय, भाऊ. ह्या गाडीत दाब लय हाय, हिला सबुरीवालंच लागतं. एवढी लाखाची गाडी घेतलीत आन् झाकण नाय वाचलंत?" त्या महिन्यात महाग पेट्रोलचं ते एकच मोठं गिऱ्हाईक, आणि तेही काकींनीच आणलं होतं.

आता शेठकडे येतो. कंपनीने एक योजना काढली होती. आपल्या भागात जो पंप महाग पेट्रोल सगळ्यांत जास्त विकेल, त्याच्या मालकाला सपत्नीक सिंगापूरची सहल. शेठनी हे घरी सांगितलं, ही त्यांची पहिली चूक. शेठाणींनी दुसऱ्याच दिवशी चाकांची बॅग आणली. जांभळी. शेठनी ती ऑफिसात आणून माझ्या टेबलाशेजारी उभी केली, मला रोज दिसावी म्हणून. मी विक्रीचा आकडा बघायचो, मग बॅगेकडे बघायचो, आणि बॅग माझ्याकडे बघायची.

शेवटी शेठनी काकींना ऑफिसात बोलावलं. "काकी, तुमच्यामुळे माझी बायको सिंगापूरला जात नाही."

"जाऊ दे की त्यांना. मी काय पदर धरलाय?"

"तुम्ही गिऱ्हाइकाला महाग पेट्रोल घेऊ देत नाही. कंपनी सांगते, त्याने मायलेज वाढतं."

"ज्या गाडीला लागतं तिचं वाढत असंल. आपल्या हिकडच्या गाड्यांना नाय लागत. आपली पंपाची मोटरसायकल हाय ना? तिच्यावरच बघा की करून."

शेठना तेच हवं होतं. तिथल्या तिथे पैज ठरली. पंपाची जुनी मोटरसायकल, एक दिवस एक लिटर साधं, दुसऱ्या दिवशी एक लिटर महाग. पेणहून निघायचं, नागोठण्यावरून रोह्याला जायचं, परत फिरायचं आणि पेट्रोल संपून गाडी जिथे बंद पडेल तिथला आकडा लिहून आणायचा. दोन्ही दिवस सारखंच अंतर निघालं तर शेठ पुन्हा काकींना बोलणार नाहीत. महाग पेट्रोल पुढे गेलं, तर काकींनी नोझल सोडायचं आणि हवेवर जायचं.

हवेवर म्हणजे काय, ते सांगतो. पंपाच्या कोपऱ्यात टायरमध्ये हवा भरायचं मशीन होतं. हवा फुकट, त्यामुळे तिथल्या माणसाला किंमतही फुकटच. पंपाचं छप्पर तिथवर पोचत नव्हतं. उन्हात उकिडवं बसायचं आणि दुसऱ्याच्या चाकाशी तोंड करायचं. पगारही कमी.

काकींना पगाराची गरज होतीच. मुलगी नर्सिंगला होती. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी मला एकदा सांगितली होती. "मास्तर, बाजारात मी वाल विकाया बसले तर लोकं वरून बोलतात. नोझल हातात असलं की गाडी बंद करून, खाली उतरून बोलतात." जित्याची माणसं वाट वाकडी करून आमच्या पंपावर येत, आपल्या गावची बाई पेट्रोल भरते ते बघायला. पैजेत काकींनी तेच लावलं होतं.

काकी बाहेर गेल्यावर शेठनी दार लोटलं. "मास्तर, गाडी तुम्हीच चालवायची. तुम्ही समजूतदार आहात." मग जरा वेळाने, बॅगेच्या चाकाशी खेळत, "आमचा भाचा परवा विचारत होता, मॅनेजरचं काम फार अवघड असतं का म्हणून."

मला समजलं. मी समजूतदारच होतो.

मोटरसायकलच्या टाकीचा कॉक बंद केला आणि हँडलला सलाइनच्या अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या टांगल्या, नळी थेट इंजिनाला जोडली. मेकॅनिक लोक मायलेज असंच बघतात. नंतर तक्रार नको म्हणून बाटल्या काकींनीच भरायच्या असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी साधं भरलं, मी निघालो. वडखळच्या चहावाल्याने विचारलं, "मास्तर, गाडीला ॲडमिट करायला नेताय काय?" रोह्याला कुंडलिकेच्या पुलापाशी एक चहा घेतला आणि परत फिरलो. नागोठण्याच्या अलीकडे भिसे खिंडीच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. आकडा लिहिला, नळी परत टाकीला जोडली आणि घरी आलो. त्या दिवशी मी अगदी प्रामाणिक होतो, कारण साध्या पेट्रोलच्या बाबतीत प्रामाणिक राहणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी काकींनी बाटल्या भरून आणल्या, हँडलला टांगल्या आणि म्हणाल्या, "सांबाळून जावा, मास्तर."

जाताना भिसे खिंड चढलो. पुढे रोह्याच्या बाजूला उतार लागला आणि माझा हात किल्लीकडे गेला. मी इंजिन बंद केलं. गाडी आपल्या वजनाने खाली घरंगळत गेली, मला फक्त ब्रेक सांभाळायचा होता. वारा कानात वाजत होता आणि पेट्रोलचा एक थेंब खर्च होत नव्हता. येताना खिंड ओलांडल्यावर नागोठण्याच्या बाजूचा उतार, तिथेही तेच. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की उतारावर इंजिन बंद करणं ही काय चोरी नव्हे, सगळेच करतात. खरं आहे, सगळे करतात. पण आदल्या दिवशी मी केलं नव्हतं. गाडी कालच्यापेक्षा पाच किलोमीटर पुढे जाऊन थांबली.

शेठनी पेढे वाटले. पंपावरच्या पोरांना सांगितलं, "बघा, पाच किलोमीटर! आता गिऱ्हाइकाला हेच सांगायचं." काकी पेढा हातात घेऊन माझ्याकडे बघत होत्या.

"बरा गेला रस्ता, मास्तर?"

"बरा गेला."

"दमला असाल. च्या घ्या."

एवढंच बोलल्या. नोझल फडक्याने पुसलं, मशीनला नीट अडकवलं आणि चालत हवेच्या कोपऱ्यात गेल्या. मी ऑफिसात येऊन बसलो. बॅग तिथेच होती. पेढा मला गोड लागला नाही, पण मी खाल्ला.

इथे गोष्ट संपली असती तर शेठाणी सिंगापूरला गेल्या असत्या. पण आमच्या शेठचं नशीबच असं की त्यांनी काकींना शिक्षा म्हणून नेमकं मायलेजवरच नेऊन बसवलं. काकींनी चार दिवसांत ओळखलं की पेणमधल्या अर्ध्या गाड्या हवा कमी असलेल्या टायरांवर फिरतात. पूर्वी टाकीला मारायच्या ती टिचकी आता टायरला बसायला लागली. "मायलेज तिकडं मशीनमदी हुडकतोस, ते हितं खाली पडलंय. टायर बसलाय बग. गाडी वडत नाय, खरडत जाते." आणि मग पुस्तक. चाकात किती हवा भरायची तेही पुस्तकातच लिहिलेलं असतं, हे पेणच्या जनतेला तेव्हा कळलं.

लोक आठ दिवसांनी परत येऊन सांगायचे, काकी, लिटरला तीन-चार किलोमीटर वाढले. हवेपाशी रांग लागायला लागली. हवा भरता भरता लोक विचारायचे, "काकी, पेट्रोल कुठलं टाकू?"

"मला पेट्रोलचं बोलायची बंदी हाय," काकी सांगायच्या. मग जरा थांबून, "पुस्तकात काय लिवलंय?"

महाग पेट्रोलचं मशीन धूळ खायला लागलं. त्यावरच्या विजेवर कुणीतरी बोटाने नाव लिहिलं, ते महिनाभर तसंच होतं. सिंगापूरला दुसऱ्याच कुठल्या पंपाचे मालक गेले. जांभळी बॅग शेवटी पालीला जाऊन बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन आली.

मला हसू यायचं. पण ऑफिसची खिडकी नेमकी हवेच्या कोपऱ्यावर उघडायची. एप्रिल-मेमध्ये काकी डोक्यावर ओला टॉवेल टाकून टायरशी उकिडव्या बसलेल्या दिसायच्या. गाडीवाले आता खाली उतरत नव्हते. सीटवर बसूनच पाय टेकायचे आणि म्हणायचे, "मागच्याची बघ." मी खिडकी लावून घ्यायचो, मग उकडायचं, मग परत उघडायचो. असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी शेठना न विचारता चार लोखंडी पाइप आणले आणि हवेवर पत्रा घातला. शेठ म्हणाले, "हे कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "टायर तापतात." काकींनी पत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. मला वाटलं, त्यांना पत्रा आवडला.

त्या हिवाळ्यात काकींचा नवरा वालाच्या शेंगांचं गाठोडं, एक मडकं आणि भांबुर्डीचा पाला घेऊन पंपावर हजर झाला. "मास्तर, तुमच्यासाटी पोपटी. हितंच लावतो, मागं जागा हाय." पोपटी म्हणजे मडक्यात हा रानपाला आणि शेंगा भरून, मडकं उपडं घालून वर जाळ करायचा. पेट्रोल पंपावर जाळ करायला निघालेला माणूस मी तेवढा एकच पाहिला. काकी हवेची नळी हातात घेऊन त्याच्यामागे धावल्या, "अवो, तुमचं ऑक्टेन किती हाय तरी किती!" शेवटी रस्त्यापलीकडच्या शेतात पोपटी लागली. शेंगा खाताना काकींनी माझ्या पानात सगळ्यांत जास्त वाढल्या. मी नको नको म्हणत राहिलो.

सहा वर्षं काकी हवेवर होत्या. मग टायरशी बसून बसून गुडघे गेले. मुलगी एव्हाना नर्स झाली होती, तिनेच काम सोडायला लावलं. शेवटच्या दिवशी पोरांनी साडी-चोळी दिली, शेठनी नारळ दिला. सगळे पांगल्यावर काकी पत्र्याखाली स्टुलावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तर, एक सांगते. चिडायचं नाय."

"सांगा."

"ते पैजेचे दोन दिवस. बाटल्यांत दोनी दिवस साधंच होतं."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी म्हणालो, "म्हणजे दुसऱ्या दिवशी महाग नव्हतं?"

"नव्हतं. पयल्या दिवशी साधं भिसे खिंडीत बंद पडलं. दुसऱ्या दिवशी तेच साधं पाच किलोमीटर म्होरं गेलं. त्याला म्होरं कुणी नेलं, मास्तर? पेट्रोलनं तर नेलं नाय."

मॅनेजर म्हणून त्या सकाळी मशीनवरचा आकडा बघणं माझं काम होतं. पण माझं लक्ष उतारांकडे होतं. काकींनी मला सहा वर्षांपूर्वीच पकडलं होतं, आणि मी त्यांच्या समोर बसून त्यांच्या शेंगा खाल्ल्या होत्या.

"पण काकी, बदललं कशाला? खरं महाग भरलं असतं तरी तुम्हीच बरोबर होता."

"पेट्रोलचं मला ठाऊक होतं," काकी म्हणाल्या. "तुमचं बगायचं होतं."

माझा चेहरा काय झाला असेल कुणास ठाऊक. मी कसंबसं विचारलं, "मग त्याच दिवशी शेठना का नाही सांगितलंत?"

"तुमची खुर्ची गेली असती. भाचा टपून बसला होता. पगार तुमाला पण लागत होताच की."

"आणि तुमचं नोझल गेलं, त्याचं काय?"

त्यांनी पदराने गुडघा चोळला. "लागलं मनाला," म्हणाल्या. "लय लागलं. दोन वर्सं तुमच्या खिडकीकडं बगितलं नाय मी. मग तुमी पत्रा घातलात. घरी जाऊन ह्यांना म्हटलं, मास्तरांचं ऑक्टेन लय मोठं. पेटायला दोन वर्सं लागली, पण पेटले." आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पेट्रोलवरची पोरं वळून बघायला लागली. मलाही हसू आलं, आणि त्यात डोळ्यांतून पाणी येत होतं ते मी लपवलं नाही. मी म्हणालो, "काकी, चुकलो." त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय. उठा आता, माझी गाडी चुकंल."

मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. त्याच जुन्या मोटरसायकलवर. मागे बसताना त्यांनी टायर दाबून बघितला.

पुढे रस्ता रुंद करायला घेतला, त्यात पंपाचा तो कोपरा गेला, पत्रा कुणी भंगारात घातला ते कळलं नाही. पंपाने जुनी मोटरसायकल विकायला काढली ती मीच घेतली. शेठ गेले. दोन वर्षांपूर्वी हिवाळा सरताना काकींचा नवरा वालाची पिशवी घेऊन माझ्या घरी आला, पायरीवरच बसला आणि म्हणाला, "ती गेली, मास्तर. नवे वाल निघाले की तुमाला द्यायला सांगून गेली." पिशवी मी हातात घेतली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

पेणमध्ये अजूनही काही जुनी माणसं महाग पेट्रोल घेतात. विचारलं तर सांगतात, आमच्या मास्तरांनी रोह्यापर्यंत गाडी चालवून बघितलंय, पाच किलोमीटर जास्त जाते. शेठना खरं सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. म्हणून हे तुम्हाला सांगितलं. त्या दिवशी मी इंजिन बंद केलं होतं. तुम्ही आपलं पुस्तक बघा.

मुलगी रोह्याला दिली आहे, त्यामुळे त्या रस्त्याने अजून जाणं होतं. टाकीत साधं पेट्रोल असतं, टायरमध्ये पुस्तकाप्रमाणे हवा. भिसे खिंडीत उतार लागला की माझा हात आपोआप किल्लीकडे जातो. मी तो मागे घेतो आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरतो. थोडं पेट्रोल उगाच जळतं. जळू दे.